चित्रकार धुरंधर : लेखणीने काढलेले आत्मचित्र

चित्रकार आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे रंगवतो. राजे, शेठ, वकील, देवदेवता, सारे त्याच्या कुंचल्याखालून जातात. पण स्वतःचा चेहरा रंगवायची वेळ आली की त्याला आरशासमोर बसावे लागते. तेथे गिऱ्हाईकही आपण आणि टीकाकारही आपणच. खुशामत करावी तर कला जाते, खरे रंगवावे तर अभिमान दुखावतो. म्हणूनच आत्मचित्र ही वास्तववादी चित्रकाराची खरी कसोटी होय.

एकोणिसाव्या शतकात रशियात इव्हान क्रामस्कॉय नावाचा चित्रकार होऊन गेला. १८६३ साली पीटर्सबर्गच्या कला अकादमीने सुवर्णपदकाच्या स्पर्धेसाठी स्कँडिनेव्हियातील देवकथेचा विषय ठरवून दिला. आपल्या देशातील माणसे सोडून परक्या देवांची चित्रे का काढायची, असे वाटून चौदा विद्यार्थ्यांनी अकादमीला रामराम ठोकला. क्रामस्कॉय त्यांचा पुढारी. चार वर्षांनी, १८६७ साली, त्याने आपले आत्मचित्र रंगवले. आज ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. पाहणाऱ्यावर रोखलेली ती नजर मोडेल पण वाकणार नाही, असे वाटते.

योगायोग असा, की त्याच १८६७ साली, १८ मार्च रोजी, कोल्हापुरात महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म झाला. धुरंधरही डोळ्यांना दिसेल तेच खरे मानणाऱ्या परंपरेतले. मात्र त्यांची वाट अगदी उलटी होती. क्रामस्कॉयने कलासंस्था सोडली, तर धुरंधरांनी तिच्यातच उभा जन्म काढला.

मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाले होते. कोल्हापूरचेच आबालाल रहिमान तेथे शिकून परतले होते. १८९० च्या जानेवारीत धुरंधरांनी या शाळेचा उंबरठा ओलांडला. तेव्हा तेथे जॉन ग्रिफिथ्स हे प्रिन्सिपॉल होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेणारे ते हेच. कोल्हापूरच्या या मुलाचा हात त्यांनी ओळखला. १८९५ साली धुरंधरांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले.

आपल्या सुरतेचाही या शाळेशी जवळचा संबंध आहे. मंचेरशा फकीरजी पिठावाला (१८७२–१९३७) हे सुरतेजवळच्या पिठा गावचे आणि ग्रिफिथ्स यांचेच विद्यार्थी. त्यांनी व्यक्तिचित्रांचा स्वतंत्र व्यवसाय केला, मोठे नाव कमावले आणि १९११ साली लंडनमध्ये आपल्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे, तर पिठावालांनी धंदा केला आणि धुरंधरांनी नोकरी. नोकरीत कलावंत मरतो असे आपण सहज म्हणून जातो. धुरंधरांचे चरित्र या समजुतीला चांगलेच उत्तर देते.

शाळेचे तास सांभाळून त्यांनी केलेल्या कामाचा डोंगर पाहिला म्हणजे थक्क व्हायला होते. पौराणिक प्रसंग, शिवचरित्रातील देखावे, व्यक्तिचित्रे आणि जलरंगातील निसर्गदृश्ये तर त्यांनी काढलीच, पण पोस्टकार्डांवरची विनोदी चित्रेही काढली. सर्वसामान्य माणसाला चार पैशांत परवडेल अशा छापील चित्रांना त्यांनी कधी कमी लेखले नाही. किंकेड यांच्या दख्खनी कहाण्यांच्या पुस्तकासाठी १९१४ साली आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी १९२० साली त्यांनीच चित्रे काढली. नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंतींवरही त्यांचा कुंचला फिरला. सरकारने त्यांना रावबहादूर केले.

तरीही त्यांच्यावर एक आरोप होत राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांनी नवा विचार मांडला. विलायती पद्धतीची हुबेहूब चित्रे काढणे ही नक्कल आहे, भारतीय कलेने आपल्या जुन्या परंपरेकडे वळावे, असा त्याचा रोख होता. साहेबाच्या शाळेत साहेबाच्या पद्धतीने शिकलेले आणि शिकवणारे धुरंधर या टीकेच्या माऱ्यात सापडणे अटळ होते.

या आरोपात तथ्य किती? पद्धत परकी होती, हे मान्यच करावे लागेल. पण त्या पद्धतीने त्यांनी पाहिले कोणाला? नऊवारी नेसलेल्या बायका, पाठारे प्रभूंच्या घरातील लग्नसमारंभ, मुंबईच्या रस्त्यावरची नाना जातींची आणि नाना पगड्यांची माणसे. लुगड्याचा काचा कसा बसतो, अंबाड्यात फूल कोठे खोवतात, हे सारे त्यांनी जवळून पाहून टिपले. क्रामस्कॉय आणि त्याचे मित्र ज्यासाठी अकादमीबाहेर पडले, ती आपल्या माणसांची चित्रे धुरंधरांनी शाळेत राहून काढली. साधन परके असले तरी नजर घरचीच होती.

नोकरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या शाळेचे प्रमुखपद इंग्रजांसाठीच राखल्यासारखे होते. ग्रिफिथ्स गेले, बर्न्स आले, मग सॉलोमन आले. धुरंधर मात्र आपल्या जागी शिकवत राहिले. १९३० साली, निवृत्ती उंबरठ्यावर आली असता, संचालकपदाची धुरा काही काळ त्यांच्याकडे आली. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. चौतीस वर्षांच्या अध्यापनानंतर ती मिळाली, आणि तीही हंगामी! १९३१ च्या जानेवारीत ते निवृत्त झाले.

यानंतर त्यांनी जे केले, ते मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते. त्यांनी कुंचला बाजूला ठेवून लेखणी घेतली आणि १९४० साली ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. नावावरूनच लेखकाचा स्वभाव कळतो. ‘माझे जीवन’ असे नाव त्यांनी दिले नाही. पुस्तक सुरू होते शाळेत पाऊल ठेवल्यापासून आणि संपते शाळा सोडल्यावर. जणू मोठ्या पटावर त्यांनी एक इमारत रंगवली आणि कोपऱ्यात स्वतःला उभे केले. त्या काळच्या मुंबईतील कलाशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याला आज या पुस्तकाशिवाय पुढे जाता येत नाही.

१ जून १९४४ रोजी धुरंधर निवर्तले. त्यांची कन्या अंबिका हिनेही त्याच शाळेत शिक्षण घेऊन वडिलांचा वारसा चालवला.

क्रामस्कॉयच्या आत्मचित्रात बंडखोराचा चेहरा आहे. धुरंधरांच्या आत्मचित्रात रोज वेळेवर कामाला जाणाऱ्या माणसाचा चेहरा आहे. पहिल्याला आपण पटकन वंदन करतो. पण आपल्यापैकी बहुतेकांना उद्या कोणत्या तरी कचेरीत, पेढीत किंवा शाळेत आयुष्य काढायचे आहे. रोजच्या कामाला जुंपूनही नजर आपलीच ठेवता येते आणि शेवटी आपला ताळेबंद आपल्याच भाषेत प्रामाणिकपणे मांडता येतो, एवढे धुरंधरांकडून शिकलो तरी पुष्कळ झाले.