लिझ्यूच्या तेरेजाला कृपा कुठे भेटली?

बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले, चेहऱ्यावर शांत भाव. ती पाहून वाटते, ही जन्मतःच अशी गोड स्वभावाची असणार. प्रत्यक्षात लहानपणची तेरेजा फार रडवी होती.

तिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलांसॉन या गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळजी, आई झेली लेसचा व्यवसाय चालवणारी. (या दोघांनाही २०१५ साली संतपद मिळाले.) नऊ मुलांपैकी चार लहानपणीच देवाघरी गेली, पाच मुली राहिल्या. तेरेजा शेंडेफळ. ती साडेचार वर्षांची असताना आई कर्करोगाने गेली आणि वडील मुलींना घेऊन लिझ्यूला राहायला आले. तिने दुसरी आई मानलेली थोरली बहीण पोलिनही १८८२ साली कार्मेल मठात गेली. हसरी तेरेजा हळवी झाली. कोणी काही बोलले की रडायची, आणि रडून झाले की आपण रडलो म्हणून पुन्हा रडायची. मन आवरायचे तिने पुष्कळ प्रयत्न केले, पण उपयोग झाला नाही.

मग १८८६चा नाताळ आला. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून मंडळी घरी परतली. फ्रान्समधील प्रथेप्रमाणे मुलांचे बूट शेकोटीपाशी ठेवत आणि त्यात भेटवस्तू असत. तेरेजा चौदाव्या वर्षाला टेकली होती, तरी धाकटी म्हणून तिचे कौतुक चालू होते. थकलेले वडील जरा त्रासून म्हणाले की, हा प्रकार यंदा शेवटचाच, बरे झाले. टोपी काढायला जिना चढत असलेल्या तेरेजाने ते ऐकले. डोळे भरून आले. बहीण सेलिनने तिला सांगितले की आत्ता खाली जाऊ नकोस. पण तेरेजाने डोळे पुसले, खाली आली, वडिलांसमोर बसून एकेक वस्तू आनंदाने बाहेर काढू लागली. वडीलही हसू लागले.

एवढीच घटना. दर्शन नाही, आकाशवाणी नाही. पण त्या रात्रीला तेरेजा आयुष्यभर आपले परिवर्तन मानत आली. दहा वर्षे जे तिला जमले नव्हते, ते येशूने एका क्षणात केले, असे तिने लिहून ठेवले. तिच्याकडे होती ती फक्त इच्छा.

स्वभावाला औषध नसते, असे आपण म्हणतो. संत थॉमस अक्वायनस मात्र शिकवतात की कृपा स्वभाव मोडत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. तेरेजा पुढेही हळवीच राहिली. फक्त तिचा हळवेपणा स्वतःभोवती फिरायचा थांबला आणि दुसऱ्याचे दुःख ओळखू लागला. सेमिनरीत हा सिद्धांत समजावून घ्यायला आम्हाला बरेच तास लागले. त्या जिन्यावर तो चटकन समजतो.

९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, ती लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. पुढच्याच वर्षी वडिलांचे मन आजाराने बिघडले आणि त्यांना तीन वर्षे कॅन येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तिला हे दुःख मठाच्या भिंतीआड सोसावे लागले.

मठातले तिचे प्रसंग आपल्या घरातल्यासारखे आहेत. ध्यानाच्या वेळी मागे बसलेली एक सिस्टर सतत बारीक कुटकुट आवाज करायची. तेरेजाला घाम फुटायचा. शेवटी तिने तो आवाज टाळायचे सोडले आणि लक्षपूर्वक ऐकून तेच संगीत येशूला वाहिले. कपडे धुताना समोरच्या सिस्टरकडून घाण पाणी तोंडावर उडायचे. मागे सरून चेहरा पुसावा असे वाटे, पण ती तशीच उभी राही. सेंट पीटर नावाच्या वृद्ध, किरकिऱ्या सिस्टरला रोज संध्याकाळी हात धरून भोजनगृहात न्यायचे काम तिने मागून घेतले. थोड्या दिवसांनी लक्षात आले की म्हातारीला पाव कापता येत नाही. मग तोही कापून देऊ लागली. प्रार्थनेत तिला झोप लागायची. त्याचे तिने दुःख केले नाही. झोपलेले मूलही आईबापांना तितकेच आवडते, असे तिचे म्हणणे.

त्या काळी श्रीमंतांच्या घरांत लिफ्ट आल्या होत्या. पवित्रतेचा जिना चढायला आपण फार लहान आहोत, तेव्हा येशूचे हात हीच आपली लिफ्ट, असे तिने ठरवले. तिचा ‘लहान मार्ग’ तो हाच. त्यासाठी मोठे व्हायचे नाही, लहानच राहायचे.

आता तसबिरीत न दिसणारा भाग. १८९६च्या पवित्र गुरुवारी रात्री तिला रक्ताची उलटी झाली. क्षयरोग होता. त्याच ईस्टरच्या दिवसांत तिच्या श्रद्धेवर काळोख उतरला. स्वर्ग आहे ही भावनाच नाहीशी झाली, आणि मरेपर्यंत दीड वर्ष ती तशीच राहिली. प्रवचनांतून हे सहसा सांगितले जात नाही. सांगायला हवे, असे मला वाटते. प्रार्थना कोरडी वाटते म्हणून आपली श्रद्धा संपली, असे समजणारी माणसे आपल्या धर्मग्रामातही आहेत. तेरेजाला काही जाणवत नव्हते, तरी ती विश्वास ठेवत राहिली, सिस्टरांना हसवत राहिली. अंतिम साक्रामेंत न मिळता मरण आले तर, या विचारावरही तिचे उत्तर ठरलेले होते: तीही कृपाच.

आजारपणात एकदा तिच्या कानावर आले की एक सिस्टर काळजीत आहे. मठात कोणी वारले की त्याच्या जीवनाची माहिती इतर कार्मेल मठांना पाठवत. तेरेजाने तर सांगण्यासारखे काही केलेलेच नाही, मग मदर लिहिणार काय? ३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोविसाव्या वर्षी तेरेजा वारली. बरोबर एका वर्षाने त्या माहितीपत्राच्या जागी तिच्याच वह्यांतून तयार झालेले पुस्तक निघाले. पहिल्या आवृत्तीच्या २००० प्रती होत्या.