एका मताचे बहुमत

संसदेत वादग्रस्त घटनादुरुस्ती आली, की बहुमताच्या अधिकाराला मर्यादा आहे काय, हा प्रश्न नव्याने उपस्थित होतो. ही मर्यादा सर्वप्रथम स्पष्टपणे घालून देणारा गोलकनाथ खटल्याचा निकाल खुद्द एका मताच्या बहुमताने लागला होता. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाकारला. त्या सहांचे अग्रणी होते सरन्यायाधीश कोका सुब्बाराव. मौज अशी, की तोपर्यंत त्यांचे नाव गाजले होते ते प्रामुख्याने अल्पमतातील निकालपत्रांमुळे.

१५ जुलै १९०२ रोजी राजमहेंद्रीत जन्मलेल्या सुब्बाराव यांनी मद्रासला कायद्याचे शिक्षण घेतले आणि तेथेच वकिली केली. १९४८ मध्ये ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, १९५४ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती आणि जानेवारी १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती.

दिल्लीतील पहिल्याच वर्षी त्यांच्यापुढे पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाचे प्रकरण आले. बिहार विधानसभेच्या कामकाजातून वगळलेला मजकूर छापल्याबद्दल संपादकांवर हक्कभंगाची कारवाई सुरू झाली होती. चार न्यायमूर्तींनी सभागृहाचा विशेषाधिकार श्रेष्ठ मानला. एकट्या सुब्बाराव यांनी तो नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अधीन असल्याचे म्हटले. डिसेंबर १९६२ मध्ये खडकसिंग प्रकरणात पोलिसांच्या रात्रीच्या घरझडत्या बहुमतानेही रद्द केल्या, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क नव्हे, असा निर्वाळा दिला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाच्या खासगी आयुष्यालाही घटनेचे संरक्षण आहे, असे सुब्बाराव आणि न्यायमूर्ती शहा यांचे मत पडले. १९६३ मध्ये देवदासन प्रकरणात अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांचा अनुशेष पुढे नेण्याचा नियम चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. तो ‘एक’ पुन्हा सुब्बाराव यांचाच. आरक्षण हा समानतेला अपवाद नसून तिचाच आविष्कार आहे, ही त्यांची भूमिका सप्टेंबर १९७५ मध्ये थॉमस खटल्यात बहुमताने स्वीकारली गेली. खासगीपणाबाबतच्या त्यांच्या मताला मात्र २०१७ पर्यंत, तब्बल ५५ वर्षे, वाट पाहावी लागली.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे गोलकनाथ निकाल आकस्मिक वाटत नाही. १९६२ च्या लोकसभेत काँग्रेसला ४९४ पैकी ३६१ जागा मिळाल्या होत्या. मते मात्र ४५ टक्क्यांहून किंचित कमी होती. म्हणजे ज्या दोन-तृतीयांश बहुमताच्या बळावर राज्यघटना बदलता येत होती, त्यामागे देशातील निम्मे मतदारही नव्हते. असे बहुमत एखाद्या धर्माचे, भाषेचे वा मताचे हक्क मतदानाने काढून घेऊ शकत असेल, तर ते हक्क मूलभूत कसले?

तथापि, या निकालाची एक अडचण नाकारता येत नाही. न्यायालयाच्या दारात आले होते पंजाबातील मोठे जमीनदार कुटुंब आणि पणाला लागला होता जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा. अल्पसंख्य म्हणजे नेहमीच दुर्बल असे नव्हे. भूमिहीनांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बहुमताला थोपवणे न्याय्य कसे, याचे निःशंक उत्तर निकालात सापडत नाही. जुन्या दुरुस्त्या कायम ठेवून निर्बंध केवळ पुढील काळासाठी लागू करण्याची जी वाट सुब्बाराव यांनी काढली, ती व्यवहाराला धरून होती, पण त्या अडचणीची कबुलीही होती.

लोकसभेत या निकालाला आव्हान दिले ते राजापूरचे प्रजासमाजवादी खासदार नाथ पै यांनी. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुनःस्थापित करणारे त्यांचे खासगी विधेयक एप्रिल १९६७ मध्ये मांडले गेले. विरोधी बाकावरील, नागरी स्वातंत्र्याविषयी कमालीचा जागरूक असलेला नेता सरकारच्या सोयीचे विधेयक आणतो, हे तेव्हा अनेकांना खटकले. परंतु सामाजिक परिवर्तनाची वाट न्यायासनाने रोखू नये, ही त्यांची तळमळ प्रामाणिक होती. त्यांच्या हयातीत विधेयक संमत झाले नाही. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच साधले.

याच एप्रिलमध्ये, निवृत्तीला तीन महिने असताना, सुब्बाराव यांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि विरोधी पक्षांच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. न्यायासनावरून थेट राजकीय आखाड्यात उतरण्याचा हा निर्णय अनुचित होता आणि गोलकनाथ निकालावर राजकीय हेतूचा आरोप करणाऱ्यांना त्याने आयते निमित्त दिले. ६ मे १९६७ च्या मतदानात झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ मतमूल्य मिळाले, सुब्बाराव यांना ३,६३,९७१. तेथेही ते अल्पमतातच राहिले.

१९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात गोलकनाथ निकाल रद्द झाला. पण सात विरुद्ध सहा, म्हणजे पुन्हा एका मताने, घटनेची मूलभूत चौकट संसदेच्या आवाक्याबाहेर ठेवली गेली. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना न्यायालयाची दारे बंद केली. विरोधात होते एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. त्यानंतर आठच दिवसांनी, ६ मे रोजी, सुब्बाराव यांचे निधन झाले.