चंद्रसिंह गढवाली

चंद्रसिंह गढवाली (मूळ आडनाव : भंडारी, जन्म : २५ डिसेंबर १८९१, मृत्यू : १ ऑक्टोबर १९७९) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक होते. निःशस्त्र जमावावर गोळीबार करण्याचा आदेश नाकारल्याबद्दल ते ओळखले जातात.

लष्करी सेवा

इ.स. १९१४मध्ये ते लॅन्सडाउन येथे गढवाल रायफल्समध्ये भरती झाले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्स व मेसोपोटेमियातील आघाड्यांवर लढले.

पेशावर प्रकरण

२३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात खुदाई खिदमतगार नेत्यांच्या अटकेविरुद्ध पठाण जमले होते. इंग्रज अधिकाऱ्याने गोळीबाराचा आदेश देताच चंद्रसिंहांनी आपल्या जवानांना तो न पाळण्यास सांगितले. जवानांनी बंदुका खाली केल्या. अन्य सैनिकांच्या गोळीबारात त्या दिवशी अनेक लोक ठार झाले.

खटला व शिक्षा

अ‍ॅबटाबाद येथील लष्करी न्यायालयात बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी सैनिकांची बाजू मांडली. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. १९३१च्या गांधी-आयर्विन करारानुसार सत्याग्रही सुटले. या सैनिकांची मात्र सुटका झाली नाही. आदेश मोडणारा सैनिक आपली शपथ मोडतो, अशी भूमिका खुद्द महात्मा गांधींनी नंतर मांडली.

उत्तरायुष्य

१९४१मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी भारत छोडो आंदोलनात भाग घेतला व पुन्हा तुरुंगवास भोगला. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत सक्रिय झाले. राहुल सांकृत्यायन यांनी त्यांचे चरित्र लिहिले. १९९४मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.