डॉ. कोटणीस चीनमध्ये

१९३८ सालच्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून आगबोटीने चीनला निघाले. जपानने त्या देशावर आक्रमण केले होते. तेथील जखमींच्या शुश्रूषेसाठी राष्ट्रीय सभेने हे पथक पाठविले होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांपैकी एक. वय अवघे २७ वर्षांचे.

कॅन्टन बंदरात पथकाचे स्वागत झाले खरे. पण स्थिरस्थावर होण्यास उसंत कोठली? महिन्याभरात कॅन्टन पडले, पाठोपाठ हँकौही. पथक पश्चिमेकडे सरकत चुंगकिंगला गेले. चिनी मित्रांनी कोटणिसांना नवे नाव दिले : के दिहुआ. त्यातील ‘हुआ’ म्हणजे चीन.

चुंगकिंगलाच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी मोठा परिवार. सहकाऱ्यांनी परत जाण्यास सुचविले. कोटणीस गेले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत ते पथकाबरोबर उत्तरेस येनानला पोहोचले. तेथे डोंगरात खोदलेल्या गुहांतच रुग्णालय होते. रुग्णाची व्यथा दुभाष्याच्या तोंडून ऐकणे डॉक्टरला केवढे अवघड! कोटणिसांनी चिनी भाषेचा अभ्यास नेटाने चालविला. पुढे त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. बहुतेक सहकारी मायदेशी परतले, कोटणीस राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले.