विश्लेषण : अहिंसेचा आग्रह धरणारे गांधीजी सैन्यभरतीसाठी गावोगाव का फिरले होते?

गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजींच्या प्रचारासाठी आपल्या बैलगाड्या मोफत दिल्या होत्या. काही आठवड्यांतच गांधीजी पुन्हा त्याच गावांत गेले, तेव्हा भाडे देऊनही गाडी मिळेना. माणूस तोच होता, मागणे बदलले होते. आधी ते सारा भरू नका, असे सांगत होते. आता ब्रिटिशांच्या सैन्यात भरती व्हा, असे सांगत होते.

गांधीजींचा युद्धाशी पहिला संबंध कधी आला?

दक्षिण आफ्रिकेत १८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झाले. गांधीजींची सहानुभूती बोअरांकडे होती. मात्र, ब्रिटिश नागरिक म्हणून हक्क मागायचे तर संकटात कर्तव्यही केले पाहिजे, अशी तेव्हा त्यांची धारणा होती. त्यांनी सुमारे ११०० भारतीयांचे शुश्रूषा पथक उभारले. त्यात बहुसंख्य गिरमिटिया मजूर होते. जखमींना डोलीत घालून हे पथक मैलोन्‌मैल चालत असे.

नाताळमध्ये १९०६ साली झुलूंचा उठाव झाला, तेव्हाही ते २४ जणांचे पथक घेऊन गेले. तिथे त्यांच्या वाट्याला आले ते प्रामुख्याने चाबकाने फोडून काढलेले झुलू. गोरे लोक त्यांच्या जखमा धुवायला तयार नव्हते. हे युद्ध नसून माणसांची शिकार आहे, हे गांधीजींना तिथे उमगले. तरीही साम्राज्यावरचा त्यांचा विश्वास पुरता उडाला नाही.

मग १९१८ मध्ये नेमके काय घडले?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना मनुष्यबळ कमी पडू लागले. एप्रिल १९१८ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी दिल्लीत युद्ध परिषद बोलावली. लोकमान्य टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांना निमंत्रण नव्हते. गांधीजींनी तिथे हिंदीत एकच वाक्य बोलून भरतीच्या ठरावाला पाठिंबा दिला.

शुश्रूषा पथकात जखमी उचलायचे होते. इथे मात्र माणसे लढायला पाठवायची होती. स्वतः कुणाला मारणार नाही, हे गांधीजींनी सरकारला कळवले होते. इतरांना मात्र ते बंदूक हाती घ्या, असे सांगत होते.

त्यांचा युक्तिवाद काय होता?

शस्त्रबंदीच्या कायद्याने देश दुबळा झाला आहे, शस्त्र चालवायला शिकण्याची ही संधी आहे आणि साम्राज्याला साथ दिली तर स्वराज्य जवळ येईल, असे ते सांगत. ज्याच्यात मारण्याची ताकदच नाही त्याची अहिंसा ही भीती असते, हाही मुद्दा होता. खेड्यातील सुमारे ६०० गावांतून प्रत्येकी २० माणसे, म्हणजे १२ हजारांची फौज, असा त्यांचा हिशेब होता.

टिळकांची भूमिका वेगळी होती. त्यांचाही भरतीला विरोध नव्हता, पण भारतीयांना सैन्यात अधिकारपदे मिळाली पाहिजेत, ही अट होती. सरकारकडून तसे वचन मिळवा, मी महाराष्ट्रातून ५ हजार माणसे देतो, असे सांगून त्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा धनादेश हमी म्हणून पाठवला. मदतीचा सौदा करायचा नसतो, या भूमिकेतून गांधीजींनी तो परत केला.

लोकांचा प्रतिसाद कसा होता?

गांधीजी आणि वल्लभभाई पटेल दिवसाला वीस-वीस मैल पायी फिरले. गावकरी दोनच प्रश्न विचारत : अहिंसा सांगणारे तुम्ही आम्हाला शस्त्र घ्यायला कसे सांगता? आणि या सरकारने आमचे काय भले केले? काही नावे नोंदली गेली, पण १२ हजारांचा आकडा दूरच राहिला.

ऑगस्टमध्ये गांधीजींना तीव्र आमांश झाला. या आजारात आपण मरणार, असे त्यांना वाटू लागले होते. ते अंथरुणावर असतानाच जर्मनीचा पराभव झाल्याची आणि आता भरतीची गरज नसल्याची बातमी वल्लभभाईंनी आणली. गांधीजींना हायसे वाटले.

त्यांचे मत कधी बदलले?

पहिल्या महायुद्धात भारताचे १० लाखांहून अधिक लोक परदेशी आघाड्यांवर गेले आणि ७० हजारांहून अधिक मरण पावले. बदल्यात १९१९ मध्ये रौलट कायदा आणि जालियनवाला बाग हत्याकांड वाट्याला आले. भारतीयांना सक्तीच्या भरतीचा कायदा लागू नव्हता. पण पंजाबात प्रत्यक्षात काय चालले होते, हे काँग्रेसच्या चौकशी समितीसमोर आले. गावांना ठरवून दिलेले आकडे, दबाव, जबरदस्ती. या समितीत स्वतः गांधीजी होते.

१ ऑगस्ट १९२० रोजी, टिळकांचे मुंबईत निधन झाले त्याच दिवशी, गांधीजींनी बोअर युद्ध आणि झुलू मोहिमेची पदके आणि कैसर-ए-हिंद सुवर्णपदक व्हाइसरॉयना परत केले.

यावर त्यांनी स्वतः काय लिहिले?

आत्मकथेत त्यांनी खेड्यातील भरतीची ही हकिगत लपवली नाही. १९२८ मध्ये टीकाकारांना उत्तर देताना ते एक पाऊल पुढे गेले. लढणारा आणि जखमी उचलणारा, दोघेही युद्धाच्या दोषाचे भागीदार आहेत आणि निव्वळ अहिंसेच्या कसोटीवर आपल्या वागण्याचे समर्थन होत नाही, हे त्यांनी मान्य केले. तरीही त्या परिस्थितीत आपण तसेच वागलो असतो, असेही लिहिले.

दुसऱ्या महायुद्धात मात्र उत्तर बदलले होते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथे विनोबा भावे यांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून भाषण केले. या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊ नका, हा त्या सत्याग्रहाचा संदेश होता. चार दिवसांनी विनोबांना अटक झाली. खेड्याच्या शेतकऱ्यांनी बैलगाडी नाकारून जे सुचवले होते, तेच सांगण्यासाठी आता गांधीजींची माणसे तुरुंगात जात होती.