पचमढीचे फॉर्सिथसाहेब आणि त्यांची बंदूक

आपल्या इंदुरातली मंडळी उन्हाळ्यात पचमढीस जातात, बायसन लॉज पाहून येतात. पण ते उभारणारे कॅप्टन जेम्स फॉर्सिथ बंदुकीचे केवढे जाणकार होते, हे क्वचितच कोणास ठाऊक असते. मी दरबारी गवयाचा मुलगा, पेशाने संगीताचा मास्तर. बंदुकीशी माझा संबंध दसऱ्याच्या शस्त्रपूजेपुरता. तरी हा माणूस मला आवडतो.

१८३८ साली जन्मलेले फॉर्सिथ ऐन तारुण्यात हिंदुस्थानात आले. सर रिचर्ड टेंपल यांच्या अमदानीत, १८६२ साली, त्यांनी पचमढीचे पठार धुंडाळले. पुढे आपल्या शेजारच्या निमाडची जमाबंदी त्यांच्याच हातून झाली.

१८६३ साली त्यांचे शिकारी रायफलीवरचे पुस्तक निघाले. बंदूक तेव्हा तोंडाकडून ठासावी लागे. नळीच्या आतल्या आट्यांनी गोळीला फिरकी मिळते. पण आटे फार जलद वळणाचे असले आणि दारू जास्त झाली, तर गोळी आटे सोडून सरळ घसरत बाहेर पडते. म्हणून फॉर्सिथ यांचे म्हणणे असे, की आटे सावकाश वळणाचे ठेवा, गोळी गोल घ्या आणि दारू भरपूर घाला. म्हणजे गोळी सपाट रेषेत जाते व अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधतो. लय विलंबित, पण दमसास मोठा! आम्हा गाणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

तीनच वर्षांनी, १८६६ साली, इंग्रजी फौजेत स्नायडर आली. फिलाडेल्फियाच्या जेकब स्नायडरची युक्ती साधी होती. जुन्या एन्फील्डच्या नळीचा बुडाकडचा सुमारे अडीच इंच भाग कापून तेथे बिजागरीचे झाकण बसवायचे आणि मागून काडतूस घालायचे. मिनिटाला तीन बार होत, ते दहा होऊ लागले. देशी पलटणींना मात्र सत्तावन्नच्या धास्तीने बरीच वर्षे ठासणीच्याच बंदुकांवर ठेवले.

ही स्नायडर अजूनही एखाद्या जुन्या वाड्यात भिंतीवर दिसते, आणि तिचे हाल पाहवत नाहीत. चिंच आणि विटकरीने पितळ घासतात ते घासोत. पण घोड्याखालच्या पोलादी पट्टीवरचा मुकुट व सालही पुसून टाकतात! संग्राहक चकाकी पाहत नाही. झाकण घट्ट बसते का, आटे शाबूत आहेत का, काळ्या दारूच्या राखेने नळीस खड्डे पाडले आहेत का, छाप वाचता येतात का, हे तो पाहतो. जुन्या तंबोऱ्याचे रोगण खरवडणाऱ्याला आपण काय म्हणतो?

फॉर्सिथ यांची भटकंती निमाडापुरती नव्हती. पूर्वेकडे मंडला व आजच्या बालाघाटच्या सीमेवरचे बंजर-हालोनचे सालवनही त्यांनी तुडवले आणि तिथल्या बारशिंग्यांची नोंद केली. मागून भरायच्या बंदुका शिकाऱ्यांच्या हाती आल्या, कुरणे तुटली, आणि १९७० साली कान्हाच्या रानात अवघे ६६ बारशिंगे उरले. त्यानंतर जपणूक झाली म्हणून ते वाचले.

हे पाहायला फॉर्सिथ नव्हते. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८७१ साली निघाला; त्याच वर्षी फौजेने स्नायडर मागे सारून मार्टिनी-हेन्री स्वीकारली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात, अवघ्या तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास, ते लंडनमध्ये वारले.