गोंदियावरून गेलेला एक प्रवासी

कुडव्याहून ऑटो पकडली की गोंदिया स्टेशन काही लांब नाही. तिथून पूर्वेकडे जाणारी लाइन तुम्हाला पाठ असेल : आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड आणि मग राजनांदगाव. या लाइनवरून 1893च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला एक तिशीतला माणूस निघाला होता. संस्कृतचा पंडित, कवी, वाद घालण्यात पटाईत, आणि एका नोकरीत फार काळ न रमणारा. डब्यात त्याची गाठ अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या एका परदेशी मिशनऱ्याशी पडली. गप्पा रंगल्या. उतरताना वॉर्ड यांनी त्याच्या हातात बायबलची प्रत ठेवली.

या माणसाला तुम्ही शाळेत भेटला आहात. ‘केवढे हे क्रौर्य’ आठवतं? शिकाऱ्याने मारलेली ती पक्षीण? तेच हे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक वेगळे बरं का, गल्लत करू नका! हे ‘फुलामुलांचे कवी’. पण आज मला तुम्हाला त्यांची दुसरी ओळख करून द्यायची आहे. देवळात गातात तसं चर्चमध्ये गाता येईल का, या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य दिलं, ते टिळक.

जन्म 6 डिसेंबर 1861, कोकणात, करजगावचा. नाशिकला संस्कृत शिकले. शिक्षण धड पूर्ण झालं नाही, पण वाचन अफाट. लग्न लहानपणीच झालं. बायको लक्ष्मीबाई तेव्हा अकरा वर्षांची. पुढे नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला राहून त्यांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं. म्हणजे विदर्भाचं पाणी त्यांनीही प्यायलंय.

गाडीत मिळालेलं पुस्तक त्यांनी वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना ते खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज ही एक ओळ आपण सहज वाचून जातो. त्या काळी त्याचा अर्थ काय होता? घर तुटलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. चार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे होते. नंतर त्या परत आल्या, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे, हे लक्षात ठेवा.

आता गाण्याकडे येऊ. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. चर्चमध्ये तेव्हा पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन असायचा. मोठ्या कॅथीड्रलमधला नळ्यांचा नव्हे. पितळेच्या पट्ट्यांवर हवा खेळवून वाजणारा, आपल्या पेटीचा थोरला भाऊच म्हणा. त्याच्यावर इंग्लंड-अमेरिकेतल्या चाली वाजायच्या आणि त्या चालींवर भाषांतर केलेली मराठी गीतं बसवलेली असायची.

अडचण कुठे होती, ते स्वतः करून बघा. ‘हॅपी बर्थडे’च्या चालीवर मराठी वाक्य गाऊन बघा. जमत नाही ना? कुठेतरी ऱ्हस्व अक्षर ओढावं लागतं, कुठे दीर्घ अक्षर गिळावं लागतं. इंग्रजी गाणं शब्दावरच्या आघातावर चालतं. मराठी पद्य चालतं अक्षरांच्या मोजणीवर आणि लघु-गुरूवर. शिवाय ऑर्गनची पट्टी दाबली की सूर ठरलेला. दोन पट्ट्यांच्या मधली मींड त्यात नाही. आपल्या गळ्याला तर तीच सवय. यात ऑर्गनचा दोष नाही. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातला की तो अंगावर तसाच लोंबणार.

देशी चालींवर ख्रिस्ती पदं आणि कीर्तनं करण्याची वाट टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी नगरकडे दाखवली होती. टिळकांनी त्या वाटेचा रस्ता केला. त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या : कवीचा कान आणि तुकोबांचे अभंग. ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामांच्या पुलावरून आलो, असं ते मानत. मग पूल ओलांडून झाल्यावर तो पाडायचा कशाला? त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, पदं लिहिली, आणि कीर्तनाला स्वतः उभे राहिले. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेत येशूला हाक मारली. अभंगाला टाळ पुरतो, एकतारी पुरते. एकटा माणूस घरी बसून गाऊ शकतो. ऑर्गन विकत घ्यायची ऐपत लागत नाही.

हे सगळ्यांना रुचलं असं समजू नका. जुन्या नातेवाइकांसाठी ते परके झालेच होते. नव्या मंडळींतही काहींना हा टाळ-मृदंगाचा थाट खटकत होता. टिळक दोन्हीकडून थोडे थोडे बाहेर होते. तरी ते थांबले नाहीत. 1904 मध्ये पाळक म्हणून त्यांची दीक्षा झाली. 1912 पासून शेवटपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन केलं. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी घरातल्यासारखे राहिले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी सुरू केलं. ते अपुरं राहिलं, तेव्हा पुढचे बहुतेक अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. होय, लहानपणी अकरा वर्षांची नवरी झालेल्या त्याच.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. भगवी वस्त्रं, भजन, एकत्र राहणं. पण हातात वेळ थोडा होता. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते गेले. वय अठ्ठावन्नसुद्धा नव्हतं.

त्यांची पदं मात्र राहिली. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात ती मोठ्या संख्येने आहेत. आणि गंमत बघा, आज अनेक ठिकाणी ती पेटीवरच म्हटली जातात. युरोपातून आलेली ती पेटी आता गावोगावच्या भजनी मंडळात अशी मुरली आहे की ती बाहेरची होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वाद्य आपलं झालं, कारण चाल आपली राहिली.

तुम्ही आम्ही या भागातले लोक रोज तीन-चार भाषांत जगतो. घरी पोवारी नाहीतर हिंदी, वर्गात मराठी, मुलाखतीला इंग्रजी. मनातलं खरं सांगायची वेळ आली की कुठली भाषा तोंडात येते, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक. टिळकांनी नवी श्रद्धा घेतली, घर पणाला लावलं, पण ती भाषा काही सोडली नाही.

कॉलेजच्या लायब्ररीत लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ मागा. हसत हसत वाचाल, मध्येच डोळ्यांत पाणी येईल. आणि पुढच्या वेळी डोंगरगडला निघालात की खिडकीपाशी बसून शेजारच्या अनोळखी प्रवाशाशी दोन शब्द बोलून बघा. याच लाइनवर अशाच एका गप्पांनी एका माणसाचं अख्खं आयुष्य बदललं होतं.